कारण न देता

हे मी लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं. एक तर मला लिहिता येतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. शाळा अर्धवट सोडली. कॅमेरा, एडिटिंग, थोडंफार इंग्रजी, जे काय येतं ते मोबाईलवर बघून बघून. आणि दुसरं म्हणजे मी चिडून लिहायला बसलो की दुसऱ्या ओळीपासून शिव्याच येतात. आता शिव्या गाळून लिहायचा प्रयत्न करतोय. जमेल तेवढं.

"कट," मॅडम म्हणाल्या.

समोर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली होती.

"आजी, तोंडानं 'हो' म्हणायचं. कॅमेऱ्याला मान चालत नाही."

"मी हो नाही म्हटलं गं बाई," आजी म्हणाल्या. "मान अवघडलीय. कधीचं बसवलंय मला."

मी हसलो. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी लेन्स पुसायला लागलो.

तर हे काम. लग्नाचा सीझन संपला की मी रिकामा असतो, आणि आमच्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलात शूटिंगवाला हवा होता. बीपीची एक नवी गोळी होती, बाहेरच्या देशातल्या कंपनीची, आणि ती लोकांवर करून बघायची होती. नियम असा की पेशंटला आधी सगळं नीट समजावून सांगायचं, त्याला पटलं तरच त्याला घ्यायचं, आणि त्यानं राजीखुशीनं होकार दिलाय याचं रेकॉर्डिंग ठेवायचं. नियम चांगलाय. नियमाला मी नावं ठेवत नाही. पण हे काम सांभाळणाऱ्या मॅडम ते लग्नासारखं उरकायच्या. सकाळी सगळ्यांचं वाचन एकदम, मग एकेकाला आत बोलवून नुसते 'हो' घ्यायचे. हो, हो, समजलं, हो, राजीखुशीनं, सही, अंगठा, पुढचा.

आणि जे वाचून दाखवायचे ते तर बघण्यासारखं होतं. "आपणास यादृच्छिक पद्धतीने दोन भुजांपैकी एका भुजेमध्ये नियुक्त करण्यात येईल." हे ऐकलं की निम्मे लोक बाही वर करायचे. कोण म्हणायचं डाव्यात द्या, उजव्या हातानं जेवायचं असतं.

मी एकदा मॅडमना विचारलं, "याचा अर्थ काय हो?"

"अर्ध्या लोकांना नवी गोळी, अर्ध्यांना जुनी. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. कुणाला कुठली ते डॉक्टरांनासुद्धा माहीत नसतं."

"मग असंच लिहा की."

"असं लिहिलं तर पास होत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि घड्याळ बघितलं.

पास कोण करतं ते पुढे कळलं. हॉस्पिटलची एक समिती आहे. पेशंटवर अन्याय होऊ नये म्हणून. त्यात डॉक्टर, वकील असतात, आणि एक डॉक्टर नसलेला, साधा, सामान्य माणूस लागतो. म्हणजे तुमच्याआमच्यासारखा. तर आमच्या समितीतला सामान्य माणूस म्हणजे, ज्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली हे गोळीचं काम चालतं, त्यांच्याच सोसायटीचे चेअरमन, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. मी त्यांच्या एका बैठकीचे फोटो काढलेत. जेवण आलं तेव्हा ते जागे झाले आणि म्हणाले, "गोळ्या फुकट आहेत ना सगळ्यांना? वा. छान उपक्रम आहे." उपक्रम म्हणे. वृक्षारोपण असल्यासारखा.

आता ज्याच्याबद्दल लिहायचंय तो. त्याला आम्ही सगळे रेडिओ म्हणतो. हॉस्पिटलच्या मागच्या गेटसमोर त्याचं सलून. एक खुर्ची, एक बाक, एक आरसा आणि रेडिओचं तोंड. माझ्यापेक्षा बराच मोठा, पण माझा दोस्त. माझी पहिली दाढी त्यानं केली, तेव्हा दाढी नव्हतीच, तरी फेस लावून केली आणि म्हणाला, "उद्घाटन झालं."

त्यालाही बीपी. तोही एक दिवस रेकॉर्डिंगच्या खोलीत येऊन बसला. मॅडमनी कागद उचलला तर म्हणाला, "तुमचा घसा कशाला सुकवता, मीच सांगतो." आणि कॅमेऱ्याकडे बघून सुरू. "बीपीची नवी गोळी आहे. अर्ध्यांना नवी, अर्ध्यांना जुनी, कुणाला कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. काही त्रास झाला तर सांगायचं. आणि मनात आलं तर कधीही, कारण न देता, बाहेर पडायचं. बाहेर पडलो म्हणून इथला इलाज बंद होणार नाही. मला कुणी जबरदस्ती केलेली नाही, आणि मला करायची कुणाची टाप पण नाही." शेवटचं वाक्य मला कापायला लावलं.

"तुम्हाला हे सगळं कुठून कळलं?" मॅडमनी विचारलं.

"इथून बाहेर पडलेला प्रत्येक जण माझ्या खुर्चीत बसून विचारतो, की मी नक्की कशाला हो म्हणून आलो. मग वाचावे लागतात कागद."

झालं. त्या दिवसापासून रेडिओ हॉस्पिटलचा शोपीस झाला. कंपनीचा माणूस आला की रेडिओला बोलवा. समिती आली की रेडिओला बोलवा. मोठ्या डॉक्टरांनी तर माझी क्लिप परदेशात जाऊन दाखवली. आमच्याकडचा पेशंट बघा किती समजून उमजून भाग घेतो. हे मोठे डॉक्टर माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनमध्ये बघून केस नीट करायचे. रेडिओ म्हणायचा, "त्यांचे केस मी कापतो. मागचं टक्कल त्यांना अजून माहीत नाही. मी पण सांगत नाही. असू दे बिचाऱ्याला तेवढं सुख."

रेडिओला हे सगळं आवडत होतं, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकांना सांगायचा, "आता आपलं इंटरनॅशनल स्टेशन." गल्लीतले लोकही त्याच्या भरवशावर जायला लागले. समोरचा इस्त्रीवाला, जो देवावरसुद्धा विश्वास ठेवताना मागची बाजू बघून घेतो, तो म्हणाला, "रेडिओ घेतोय ना गोळी, मग मला काय धाड भरलीय."

मग एका सकाळी मी दाढीला बसलो होतो. फेस लावून झाला, रेडिओनं वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं, माझी हनुवटी वर केली, आणि थांबला. मला वाटलं बाहेर कुणाशी बोलतोय. पण रेडिओ गप्प होता. रेडिओ गप्प म्हणजे लाइट गेल्यासारखं. डोळे उघडून आरशात बघितलं तर वस्तरा माझ्या गळ्यापासून वीतभर लांब, आणि तो थरथरत होता. जास्त नाही. बशीत चहाचा कप वाजतो तेवढं.

"मशीननं करू का रे," तो म्हणाला. "हल्ली बारीक दाढी ठेवायची फॅशन आहे."

"कधीपासून?"

"फॅशन?"

"हात."

त्यानं दार ओढून घेतलं. "गोळी चालू झाल्यावर काही दिवसांनी. आधी वाटलं झोप झाली नसेल. मग वाटलं वय. पण वय असं एका महिन्यात येतं का रे? वय काय पाहुणा आहे, बॅग घेऊन दारात उभा राहायला?"

"मॅडमना सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"चहा कमी करा म्हणाल्या."

चहा कमी केला. हात तसाच. पुन्हा गेला. या वेळी मॅडमनी त्याला बाजूला घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या काय म्हणाल्या ते रेडिओनं मला त्यांच्याच आवाजात करून दाखवलं, त्याला नकला छान येतात. "दादा, तुम्ही किती समजूतदार. तुम्हाला नको असेल तर तुम्ही बाहेर पडू शकता. कारण सांगायची गरजच नाही. कारण सांगितलं की मग मेंदूचा फोटो, मोठ्या तपासण्या, परदेशातून प्रश्न, समितीपुढे हजर व्हा. चार लोकांना कळणार. तुमचा धंदा हाताचा. उगाच गवगवा कशाला? कारण न देता गेलात की सरळ मोकळे."

किती प्रेमानं सांगितलं बघा. पेशंटला त्रास झाला तर तो लिहून कंपनीला कळवणं हे मॅडमचं काम. तेच तर बघायचं असतं, गोळीनं काही बिघडतंय का. पण एक त्रास लिहिला की मॅडमना ढीगभर काम, आणि मोठ्या डॉक्टरांच्या स्वच्छ रिपोर्टवर डाग. म्हणून पेशंटचा हक्क उचलला आणि पेशंटच्याच तोंडावर बांधला. फडक्यासारखा.

तेवढ्यात परदेशातून तपासणीवाली बाई येणार असं ठरलं. इथे सगळं नीतीनं चाललंय की नाही ते बघायला. हॉस्पिटलात रंगकाम सुरू झालं. समुपदेशनाच्या खोलीत कुंडी आली. मला सांगितलं की सगळं शूट करायचं, आणि रेडिओला सांगितलं की तुम्ही नेहमीसारखं बोला, मग बाहेर पडायचं ते नंतर आठवड्याभरानं बघू.

बाई उंच होत्या, आवाज हळू, चेहरा सज्जन. खरंच सज्जन, मी त्यांच्यावर रागवायचा खूप प्रयत्न केलाय, नीट जमत नाही. रेडिओ समोर बसला होता, इस्त्रीचा शर्ट, डावा हात उजव्या हातावर घट्ट दाबलेला. दुभाषी म्हणून कोण? मॅडमच. म्हणजे चोराच्या घरची झडती, आणि पोलिसाला वाट दाखवायला चोरच.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुमच्यावर इथे कधी कुठला दबाव आला का? मला एवढं इंग्रजी कळतं.

मॅडमनी रेडिओला विचारलं, "इथे कसं वाटतं? चांगलं ना?"

"चांगलं," रेडिओ म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, तुमचे हक्क तुम्हाला माहीत आहेत का? हे मॅडमनी बरोबर विचारलं, कारण याचं उत्तर पाठ होतं. रेडिओ बोलला. नेहमीसारखा, खणखणीत. कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं. इलाज बंद होत नाही. बाई मान हलवत होत्या. मोठे डॉक्टर केसांवरून हात फिरवत होते.

"आणि मी आज बाहेर पडतोय," रेडिओ म्हणाला.

मॅडमचं पेन थांबलं. मोठे डॉक्टर हसत होते ते हसू तसंच राहिलं, उतरवायचं विसरलेल्या तोरणासारखं. भाषांतर करावंच लागलं, कारण काहीतरी झालंय हे बाईंना आवाजावरून कळलं होतं.

मला वाटलं आता विचारतील. का? एवढाच शब्द. जगातल्या सगळ्या भाषांमध्ये असतो. मोठ्या डॉक्टरांनी तोंड उघडलंही, बहुतेक घाबरून, "पण का—"

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. विचारू नका, म्हणाल्या. तो त्यांचा हक्क आहे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, इतका खरा आनंद. त्या म्हणाल्या की मी किती देश फिरले, पण तपासणीला आलेल्या माणसासमोर इतक्या निर्भयपणे बाहेर पडणारा पेशंट पहिल्यांदा बघितला. यावरूनच कळतं इथलं काम किती प्रामाणिक आहे. आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून मोठ्या डॉक्टरांनी वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या. कोपऱ्यात बसलेला समितीचा सामान्य माणूस पण जागा होऊन वाजवायला लागला.

जाताना बाईंनी हात मिळवायला उजवा हात पुढे केला. रेडिओनं उजवा हात मांडीवरून काढलाच नाही. डावा पुढे केला. बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांना वाटलं असणार की इथली रीतच आहे ही. त्यांनी आदरानं आपला उजवा मागे घेतला आणि डावा दिला.

मी झूम केला होता. उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या हलत होता, पँटची इस्त्रीची घडी हलत होती. सगळं कॅमेऱ्यात होतं. खोलीतलं कुणी तिकडे बघत नव्हतं.

बाई गेल्यावर मी मोठ्या डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "त्याचा हात थरथरतोय. गोळी सुरू झाल्यापासून. मॅडमना माहीत आहे. तुम्ही लिहीत का नाही?"

ते म्हणाले, "त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांना कारण द्यायचं नाही. तुम्ही त्यांच्या खासगी गोष्टी बाहेर सांगताय. हे नीतीला धरून नाही."

"नीती?"

"तुम्ही लग्नाचे व्हिडिओ काढता ना? तिथे कोण कशासाठी रडतंय हे विचारत फिरता का?"

मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. खूप बोललो. त्यांच्या घराण्याला मागे बऱ्याच पिढ्यांपर्यंत घेऊन गेलो. वॉचमन आला, ओळखीचाच होता, "चल रे बाबा, चल" म्हणत त्यानं माझा ट्रायपॉड उचलला आणि मला गेटपर्यंत सोडलं. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांनी आधीच काढून घेतलं होतं. काम गेलं. त्याचं काही नाही, लग्नं काय संपत नाहीत.

सलूनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं रेडिओ खूश होईल. तो वस्तरा पुसत होता. म्हणाला, "तुला मी वकील लावला होता का?"

"अरे दादा, पण तुझा हात—"

"हळू बोल." बाहेर बघितलं. "न्हाव्याचा हात हलतो म्हणजे काय कळतं का तुला? लोक माझ्यासमोर डोळे मिटून मान वर करतात. सख्ख्या भावासमोर करणार नाहीत ते माझ्यासमोर करतात. कागद नाही, सही नाही. एकदा कळलं ना की याचा हात हलतो, की संपलं. मग मी गोळी सोडली काय आणि नाही सोडली काय. आणि तू व्हरांड्यात उभा राहून बोंब मारलीस. वॉचमननं ऐकलं. वॉचमन माझ्याकडेच दाढी करतो."

"सॉरी."

"सॉरी ठेव तुझ्याकडे. तू त्यांना शिव्या दिल्यास, मजा तुला आली. नुकसान माझं झालं."

मी ट्रायपॉड उचलला आणि घरी आलो.

गोळी सोडल्यावर हाताचा थरथराट थोडा कमी झाला. थोडाच. रेडिओ मशीन चालवायचा, मशीनचा स्वतःचाच थरथराट असतो, त्यात हाताचा खपून जातो. दाढीला कुणी आलं की ब्लेड संपलेत म्हणायचा. वहिनी एकदा मला रस्त्यात म्हणाल्या, "बोलत नाहीत रे घरी. टीव्ही बघत बसतात. मी म्हटलं काहीतरी बोला, तर म्हणाले टीव्ही बोलतोय ना." रेडिओच्या बायकोवर टीव्ही ऐकायची पाळी. मी हसावं म्हणून सांगितलं त्यांनी, पण आम्ही दोघंही हसलो नाही.

हॉस्पिटलच्या भिंतीवर मोठं पोस्टर लागलं. गोळीची पहिली फेरी यशस्वी, गोळी पेशंटना चांगली मानवली, आधीच्यांची गोळी चालूच राहणार, दुसरी फेरी लवकरच, आणखी लोक घेणार. पोस्टरवर मोठ्या डॉक्टरांचा फोटो होता. समोरून काढलेला, अर्थात.

आणि मग गेल्या महिन्यात इस्त्रीवाला सलूनमध्ये आला. कटिंग नव्हती करायची, दुपारचं बसायला. खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, हॉस्पिटलातलाच एक क्लार्क. त्याच्या दाढीला रेडिओनं फेस लावला होता, कारण क्लार्क स्वतःचं ब्लेड घेऊन आला होता आणि आता कुठलं कारण सांगणार. मी बाकावर. चहा आला. इस्त्रीवाल्यानं कप उचलला आणि निम्मा चहा शर्टावर.

"च्यायला," तो म्हणाला. "वय झालं. काल एकाच्या कॉलरवर इस्त्री टेकली. बायको म्हणते चष्मा लाव. चष्मा काय हाताला लावू?"

रेडिओ वळला. ब्रश हातात तसाच. "कधीपासून?"

"झाले काही दिवस. आता काय, तुझ्यासारखा तरुण थोडीच आहे मी."

"गोळी चालू आहे?"

"तू सोडलीस का? मी तर रोज घेतो, न चुकता. तूच तर म्हणाला होतास त्रास झाला तर सांगायचं. मला काय त्रास? नुसता हात हलतो."

रेडिओनं ब्रश आरशाखाली ठेवला. मग उजवा हात पुढे केला, बोटं पसरून, इस्त्रीवाल्याच्या तोंडासमोर, क्लार्कच्या तोंडासमोर, आरशातही दिसत होता, आणि तसाच धरून ठेवला. लपवला नाही. हात थरथरत होता.

"माझा पण," तो म्हणाला. "गोळी सुरू झाल्यापासून. म्हणून सोडली. मी कुणाला सांगितलं नाही. तुला पण नाही सांगितलं. नवी होती का जुनी होती मला माहीत नाही. हात हलतो एवढं माहीत आहे."

इस्त्रीवाला त्या हाताकडे बघत राहिला, मग आपल्या हाताकडे. "मला वाटलं इस्त्री जड झाली," तो म्हणाला.

क्लार्कनं टॉवेल उचलला, गालावरचा फेस पुसला, आपलं ब्लेड खिशात टाकलं आणि उठला. "येतो. साहेबांनी बोलावलंय," असं काहीतरी म्हणाला. कुणी त्याला थांबवलं नाही. दारातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळीवर फेस राहिला होता. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. तिसऱ्या दिवशी लहान पोरांच्या आया तेवढ्या आल्या, मशीननं मारून द्या म्हणाल्या, आणि मशीन चालू असताना पोराचं डोकं स्वतः धरून उभ्या राहिल्या.

रेडिओ इस्त्रीवाल्याला घेऊन हॉस्पिटलात गेला. मॅडम भेटल्या नाहीत. पुन्हा गेला. मॅडम म्हणाल्या, तुम्ही तर बाहेर पडलात, तुमचा आता संबंध नाही. तो समितीच्या ऑफिसात गेला आणि बाकावर बसून राहिला. उद्या या, परवा या, अर्ज द्या, अर्जाची भाषा बदला. सगळं केलं. अर्ज वहिनींनी लिहिला, कारण त्याच्या अक्षराला आता वळण राहिलेलं नाही. शेवटी समितीनं वेळ दिली. सामान्य माणसाच्या सोयीनं. उद्याची.

आज संध्याकाळी मी सलूनमध्ये गेलो. खुर्ची रिकामी होती म्हणून खुर्चीतच बसलो.

"उद्या येतोस का बरोबर?" रेडिओनं विचारलं.

"येणारच. सोडत नाही एकेकाला. ती मॅडम, तो डॉक्टर, आणि ते चेअरमन—"

"म्हणूनच म्हणतो." तो बाकावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. आता तो हात दाबून धरत नाही. "तू यायचं, पण तोंड उघडायचं नाही."

"का?"

"तू बोललास की ते तुझ्या शिव्यांबद्दल बोलतात. तुझं तोंड किती वाईट यावर त्यांची अर्धी बैठक जाईल. माझा हात राहील बाजूला."

"आणि त्यांनी काही येडपटासारखं विचारलं तर?"

"विचारणारच. मी उत्तर देईन."

"तुला अडवलं तर?"

"तर अडेन. मग परत सुरू करेन. मी बोलतो रे चांगलं. विसरलास का?"

"मग मी कशाला हवाय?"

बाहेर इस्त्रीवाला दुकान बंद करत होता, कुलूप लावायला त्याला वेळ लागत होता, आणि रेडिओ तिकडे बघत होता.

"एकट्यानं गेलो की ते मला खुर्ची देतात, पाणी देतात, दादा दादा करतात," तो म्हणाला. "आणि मी त्यांना बरं वाटेल असं बोलून बसतो. सवय आहे धंद्याची. तू बाजूला बसला असलास की मला ते जमणार नाही. शब्द दे."

तर मनात जे काही होतं ते मी इथे लिहून टाकलंय, त्या लोकांबद्दल मला काय वाटतं ते सगळं, कारण तिथे त्यातलं काहीही म्हणायची सोय राहिलेली नाही. उद्या मी त्याच्या शेजारी बसणार. कारण तो देणार. मी गप्प राहणार. शब्द दिलाय.